बोगदा आरपार झाला, पण ट्रकसाठी तयार झाला का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

बंदराकडे जाणाऱ्या रस्ते-बोगद्यांची चर्चा बहुतेक वेळा खोदकामाच्या यंत्राभोवती फिरते. यंत्र केवढे, रोज किती मीटर सरकले, आरपार कधी झाले, हे कुतूहल रास्तच आहे. पण असा बोगदा नीट चालेल की तुंबेल, हे आराखड्यातल्या दोन-तीन आकड्यांवर आणि उद्घाटनाआधीच्या चाचण्यांवर ठरते. त्यांची बातमी क्वचितच होते, म्हणून हे पत्र.

पहिला आकडा मोकळ्या उंचीचा. हाय-क्यूब (नेहमीपेक्षा उंच) कंटेनर २.९ मीटर उंच असतो. दीड मीटर उंचीच्या ट्रेलरवर चढवला की ४.४ मीटर झाले. त्यावर गाडीच्या उसळीसाठी जागा हवी. शिवाय उतार संपून चढ लागतो त्या खोलगट भागात पुढची-मागची चाके वर आणि मधला रस्ता खाली अशी स्थिती येते, त्यामुळे लांब ट्रेलरचा माथा छताच्या काही सेंटिमीटर जवळ जातो. आयर्लंडमधल्या डब्लिन पोर्ट टनेलमध्ये (बंदराच्या बोगद्यात) ४.६५ मीटरपर्यंतच्याच वाहनांना प्रवेश आहे, आणि त्याहून उंच ट्रेलरांनी जायचे कुठून, हा वाद तिथे बोगदा सुरू होण्याआधीच पेटला होता. छत नंतर उचलता येत नाही. आधी वाढवायचे तर किंमतही कळायला हवी: तिथल्या यंत्राचा व्यास सुमारे ११.८ मीटर होता. तेवढ्या व्यासात अर्धा मीटर वाढवला की उकरलेला माल जवळपास ९ टक्क्यांनी वाढतो. म्हणून बंदरात येणारी सर्वांत उंच गाडी कोणती, हे निविदेआधीच मोजून घ्यावे.

दुसरा आकडा चढाचा. जहाजांच्या वाटेखालून जायचे तर थोड्या अंतरात खोल उतरून पुन्हा वर यावे लागते. ४० टन वजनाचा, ४०० अश्वशक्तीचा ट्रक ५ टक्के चढावर ताशी ४०-४५ किलोमीटरवर येतो. मागची मोटार ८० ने येत असेल तर अपघाताचे कारण आराखड्यातच लिहिले गेले. युरोपीय संघाच्या २००४ च्या बोगदा-सुरक्षा निर्देशानुसार नव्या बोगद्यात ५ टक्क्यांहून जास्त चढ सहसा चालत नाही आणि ३ टक्क्यांच्या पुढे जादा उपाय करावे लागतात, ते उगाच नव्हे.

खोदकामातली खरी परीक्षा यंत्राच्या शेपटीशी होते. काँक्रीटच्या सेगमेंटचे (तयार वक्र तुकड्यांचे) कडे आणि खोदलेली जमीन यांच्यात पोकळी राहते, ती लगेच ग्राउटने (पातळ भरण-मिश्रणाने) भरावी लागते. १२ मीटर व्यासाच्या खोदकामात ही पोकळी १५ सेंटिमीटर असेल तर दर मीटरला साधारण साडेपाच घनमीटर ग्राउट लागते. त्याहून बरेच कमी गेले तर वरची जमीन खचण्याची भीती. बरेच जास्त गेले तर ते कुठल्या तरी भेगेत वाहून गेले असे समजावे. अमेरिकेतल्या मायामी बंदराच्या बोगद्यात जमीन सच्छिद्र चुनखडीची होती आणि खोली सुमारे ३६ मीटर. अशा दगडात पाणी आणि ग्राउट दोन्ही वाट काढतात. बोगद्याच्या दोन नळ्यांमधले (जाण्या-येण्याच्या स्वतंत्र मार्गांमधले) जोडमार्ग खणताना तर यंत्राची ढालही नसते, म्हणून तिथे जमीन गोठवण्याची पद्धतही वापरावी लागली. पुढे गळती बहुधा सेगमेंटच्या सांध्यांतून दिसते: दोन सेगमेंट काही मिलिमीटर वर-खाली बसले की रबरी गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) पुरते दाबले जात नाही. समुद्राजवळ हे पाणी खारट असते आणि काँक्रीटमधल्या सळ्या गंजवते. त्यामुळे 'थोडा ओलावा' म्हणून सोडून देऊ नये.

बंदराच्या बोगद्याचा एक धोका मात्र त्याचा स्वतःचा आहे: गेटवरची रांग. बंदराच्या गेटवर कागदपत्रांची संगणक यंत्रणा पाव तास बंद पडली आणि तासाला ३०० ट्रक येत असले, तर ७५ ट्रक अडकतात. एका ट्रकला अंतरासह २० मीटर धरले तर दोन मार्गिकांत पाऊण किलोमीटर रांग झाली, म्हणजे ती बोगद्यात शिरली. आता आगीचे गणित पाहा. एकदिशा नळीत जेट फॅन (वारा ढकलणारे मोठे पंखे) धूर वाहतुकीच्या दिशेने ढकलतात, कारण आगीच्या पुढची वाहने बाहेर निघून गेली असे गृहीत धरलेले असते. पुढे रांग थांबलेली असेल तर तोच धूर थांबलेल्या माणसांवर जातो. पंखे कितीही ताकदीचे बसवले तरी हा दोष सुटत नाही. उपाय बोगद्याबाहेर आहे: अलीकडे ट्रक थांबवायला प्रशस्त तळ, गेट आणि बोगदा या दोन नियंत्रण कक्षांत थेट दुवा, आणि बाहेर पडण्याच्या तोंडाशी वाहतूक मंदावताच आत शिरण्याच्या तोंडाशी लाल दिवा.

आग म्हणजे फक्त टँकरची, हाही गैरसमज आहे. १९९९ मध्ये फ्रान्स-इटलीदरम्यानच्या माँ ब्लाँ बोगद्यातल्या आगीत ३९ माणसे गेली, ती आग लागलेल्या ट्रकमध्ये मार्गारीन आणि पीठ होते. नॉर्वेतल्या रुनेहामार बोगद्यात २००३ मध्ये लाकडी-प्लास्टिक पॅलेटांवर चाचण्या झाल्या, त्यांत आगीची शक्ती २०० मेगावॉटपर्यंत गेली. मोटारीची आग साधारण ५ मेगावॉटची असते. मायामीत घातक मालाला बोगद्यात मज्जाव आहे, त्यासाठी जुना पूल ठेवला आहे. पर्यायी रस्ता नसेल तर असा मज्जाव कागदावरच राहतो.

चाचण्यांना किमान तीन महिने द्यावेत, असे आमचे ठाम मत आहे. एकेक उपकरण तपासून भागत नाही. पंख्याच्या वीजजोडणीतले दोन फेज (तारा) उलटे जोडले गेले तर पंखा फिरतो, आवाज करतो, पण वारा उलट्या दिशेने जातो. म्हणून वारा नळीतच मोजावा. तळाच्या संपमध्ये (पाणी साठण्याच्या खड्ड्यात) खरे पाणी सोडून पंप चालवावेत. बांधकामातला गाळ आणि सिमेंट नाल्यात साचून पाणी वाढताच पंप सुरू करणारा फ्लोट स्विच अडकतो, तो दोष कोरड्या चाचणीत कळत नाही. मुख्य वीज तोडावी आणि काय-काय चालू राहते ते पाहावे. शेवटी गरम धुराची चाचणी अग्निशमन दलासह घ्यावी, तीही रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांकडून.

सुरू करण्याची पद्धत डब्लिनची अनुकरणीय वाटते. २० डिसेंबर २००६ ला तिथे आधी अवजड वाहनांना प्रवेश मिळाला, इतरांना २८ जानेवारी २००७ ला. आणि १९ फेब्रुवारीपासून पाच व त्याहून अधिक आसांच्या (ॲक्सलच्या) ट्रकना सकाळी ७ ते संध्याकाळी ७ शहराच्या मध्यभागात परवान्याशिवाय बंदी आली. ट्रकना टोल नाही, मोटारींना आहे, आणि गर्दीच्या वेळी तो जास्त. नाही तर बोगदा मोटारींनी भरला असता आणि ट्रक शहरातच राहिले असते. बंदीचा आदेश, परवान्याची पद्धत आणि टोलचे दर उद्घाटनाच्या किमान सहा महिने आधी जाहीर व्हावेत, म्हणजे वाहतूकदारांना गाड्या आणि पाळ्या बदलता येतील. देखभालीसाठी एक नळी रात्री बंद राहील त्याचे वेळापत्रकही जहाजांच्या वेळा पाहून, बंदराशी बसून ठरवावे.

आपले,
भुयारी बांधकाम व वाहतूक क्षेत्रातील काही अभियंते