गोदीतल्या काकांना, सोलापूरहून

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. मुलांची पत्रं तुम्हाला मिळाली असतीलच. माझं हे पत्र मी मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत, ते सोलापुरातल्या आणखी चार आईवडिलांना आणि शिक्षकांना कळलं, तर त्यांचीही मुलं मुंबईचं बंदर बघून येतील. पैशासाठी अडून राहणार नाहीत.

आमची अभ्यासिका पूर्व भागात. मुलांच्या घरी एक तर यंत्रमागाची नोकरी, नाहीतर विडी. सहल म्हटलं की अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, फार तर नळदुर्गचा किल्ला. मुंबईचा हट्ट मुलांनी कधीपासून धरला होता. एका सहल कंपनीकडे चौकशी केली तर त्यांनी सांगितलेला आकडा मी पालकांपुढे उच्चारूही शकले नाही. तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भावाला विचारा की ओ, सगळा जन्म गोदीत गेलाय त्याचा." आणि मी तुम्हाला फोन केला.

तुम्ही बजेट विचारलं नाहीत. आधी विचारलंत, मुलांना काय दाखवायचंय? मी गेटवे, ताज, चौपाटी, राणीची बाग अशी नेहमीची नावं सांगितली. तुम्ही म्हणालात, "ते वाटेत लागेलच. आपण बंदर दाखवू या. बंदर बघायला पैसे लागत नाहीत, पाय लागतात." त्या वाक्यावर माझा जीव भांड्यात पडला.

राहण्याची सोय तुम्ही चाळीच्या मंडळाच्या खोलीत केलीत. सतरंज्या, पिण्याचं पाणी, मुलींसाठी आतली वेगळी खोली, सगळं आम्ही पोचायच्या आधीच तयार होतं. तुमच्या घरच्या काकूंनी सकाळचा चहा केला तो वेगळाच. आमच्याकडची शिदोरी म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, ती मुंबईच्या दमट हवेतही टिकली. त्यामुळे बाहेर खर्च झाला तो वडापावचा, आणि तो मुलांनी आनंदाने केला.

सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी सीएसएमटीला लागली आणि तुम्ही फलाटावर उभे होतात. सामान क्लोकरूममध्ये टाकून तुम्ही मुलांना थेट रस्त्यापलीकडे नेलंत आणि मागे वळून स्टेशन बघायला सांगितलंत. फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्याचं हे बांधकाम १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं चाललं आणि २००४ पासून ते जागतिक वारशात आहे, हे मुलांनी वहीत लिहून घेतलं. पण खरं त्यांच्या डोक्यात बसलं ते तुम्ही पुढे सांगितलेलं. हा लोहमार्ग सोलापूरपर्यंत १८६० मध्ये पोचला आणि दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरून डब्यात चढला. ज्या रुळांवरून मुलं रात्रभर झोपत आली, त्याच रुळांवरून कापसाच्या गाठी बंदरावर येत होत्या. तिथून पुढे सगळी मुंबई मुलांनी कापसाच्या मागेमागे जाऊन बघितली. हे तुमचं खरं देणं, काका.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसवून तुम्ही सांगितलंत, की इथे एके काळी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग लागायचे. समोरच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर मुलं तासभर बसली, तिथेच डबे सोडले. १८३३ ची ती इमारत, आत एशियाटिकचं ग्रंथालय, आणि पायऱ्यांवर बसायला कुणाची आडकाठी नाही. तिथून चार पावलांवर १७१८ चं सेंट थॉमस कॅथेड्रल. जुन्या मुंबईतली मैलांची मोजणी या चर्चपासून व्हायची. मग राजाबाई टॉवर. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्या कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातल्या एका मोठ्या व्यापाऱ्याने, प्रेमचंद रायचंदांनी, आईच्या नावाने हा टॉवर बांधायला देणगी दिली. युद्ध थांबलं आणि भाव कोसळले तेव्हा किती घरं बसली, तेही तुम्ही सांगितलंत. मुलांना ते समजवावं लागलं नाही. सुताचा भाव हलला की घरी काय होतं, ते त्यांना ठाऊक आहे.

आणि जुनी मिल! सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ ची, ती उभी करणारे मोरारजी गोकुळदास मुंबईचे व्यापारी. शहराच्या इतिहासाचं हे पान माझ्या मुलांना सोलापुरात राहून मी शिकवलं होतं, पण त्याचं दुसरं टोक त्यांना फोर्टातल्या रस्त्यावर उभं राहून दिसलं.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं करून तुम्ही एका हाताला गॉथिक इमारती आणि दुसऱ्या हाताला आर्ट डेको घरं दाखवलीत. दोन्ही मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा झालेली ही जागा, आणि बघायला तिकीट नाही. जहांगीर आर्ट गॅलरीही फुकट. हुतात्मा चौकात मुलं आपणहून थांबली. सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून त्यांची रोजची शाळेची वाट आहे, त्यामुळे संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांपुढे काय करायचं ते कुणी सांगावं लागलं नाही. चपला काढून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ससून डॉक. तुम्ही आदल्या रात्रीच बजावलं होतंत, जुन्या चपला घाला, कामाच्या वाटेत उभं राहू नका, फोटो काढू नका. १८७५ ची ही गोदी, समुद्र भरून बांधलेली, कापसाच्या व्यापारासाठीच. आज तिथे मासळी उतरते. ओल्या फरशीवर बर्फाचे तुकडे, टोपल्या, लिलावाचा गलका. एका कोपऱ्यात बायका कोळंबी सोलत बसल्या होत्या. डाव्या हातात कोळंबी, उजव्या अंगठ्याने डोकं मोडलं, साल एका ओढीत बाजूला, आणि डोळे भलतीकडेच, शेजारणीशी बोलण्यात. आमची एक मुलगी तिथून हलेना. तिची आई विड्या वळते. ती म्हणाली, "बाई, आईची बोटं अशीच चालतात." तुम्ही ते ऐकलंत आणि तिला त्या बायकांशेजारी नेऊन बसवलंत. इथे मजुरी किलोवर, आमच्याकडे हजार विड्यांवर, हे त्या पोरीने स्वतः विचारून काढलं. कुठल्या सहल कंपनीच्या गाडीतून हे झालं असतं?

आता लाँचबद्दल. वाचणाऱ्यांनी बाकी सगळं विसरलं तरी हे लक्षात ठेवावं. आमच्या मनात मुंबईचा समुद्र म्हणजे चौपाटी आणि मरीन ड्राइव्ह. तुम्ही नकाशा उलगडून दाखवलंत, की तो पश्चिमेचा उघडा समुद्र. जहाजं लागतात ती पूर्वेला, कारण मुंबईची जमीन स्वतःच आडवी उभी राहून लाटा अडवते आणि तिच्या पाठीशी खोल, शांत पाणी मिळतं. या पाण्यासाठीच सगळा इतिहास घडला. १६६१ च्या विवाह-करारात पोर्तुगीजांनी बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, त्याने १६६८ मध्ये ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, आणि कंपनीने याच पूर्व किनाऱ्यावर बस्तान बसवलं.

हे पाणी बघायला लोक गेटवेवरून बोटीची सैर घेतात. तुम्ही आम्हाला हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरवलंत आणि चालत भाऊच्या धक्क्यावर नेलंत. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे भाऊ, यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा धक्का. तिथून उरणजवळच्या मोरा बंदराला रोजची लाँच सुटते. उरणची माणसं कामाधंद्याला तिनेच येतात-जातात, म्हणून तिकीटही त्यांना परवडेल असं. पावसाळा सोडला तर शंभराच्या आत. ओहोटीला मोऱ्याकडे गाळामुळे लाँच थांबते, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून निघायचं, हे तुमचं सांगणं मी अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.

लाँच सुटल्यावर तुमचा आवाज बदलला. मागे गोद्या दिसत होत्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाला आग लागली. पोटात दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. आमच्या भागातल्या मुलांना कापसाची आग माहीत आहे. वरून विझल्यासारखी दिसते आणि आत धुमसत राहते. एक पोरगा लगेच म्हणाला, "गाठी बाहेर का नाही काढल्या?" पाणी मारत राहिले, आग आत पोचत राहिली आणि चारच्या सुमारास जहाज फुटलं. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. १४ एप्रिलला देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. तुम्ही ही गोष्ट तुमच्या आधीच्या पिढीच्या गोदी कामगारांकडून ऐकलेली. तुम्ही सांगत होतात आणि लाँचमधली उरणची माणसंही ऐकायला सरकून बसली.

पुढे एका अंगाला बुचर बेट, त्यामागे घारापुरीचा डोंगर, आणि समोर न्हावाशेवाच्या उंच क्रेन. १९८९ ला ते बंदर सुरू झालं आणि कंटेनरचं काम हळूहळू तिकडे गेलं, तुमच्या गोद्या शांत झाल्या. तुम्ही हे कसलाही कडवटपणा न ठेवता सांगितलंत, पण मला गिरण्या गेल्यानंतरचं सोलापूर आठवत होतं. तेवढ्यात टॉवेलच्या मागावर काम करणाऱ्याच्या मुलाने विचारलं, "आमच्या एमआयडीसीचा माल परदेशी जातो तो इथूनच का?" तुम्ही हो म्हणालात. मग कंटेनर सील कसा करतात, गाठ ओली झाली तर काय होतं, क्रेनवाला वरून खाली कसा बघतो, सगळं त्याला एकट्याला समजावलंत. उतरेपर्यंत त्याने त्या क्रेनवरची नजर काढली नाही. घरी येऊन त्याने वडिलांना काय सांगितलं, ते त्याचे वडील मला येऊन सांगून गेले, आणि सांगताना त्यांना भरून आलं.

मोऱ्याहून रिक्षाने उरण, उरणहून लोकल. ही गाडी जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत जाते. नेरूळला बदलून वाशीच्या खाडीपुलावरून परत सीएसएमटी. म्हणजे जाताना पाण्यावरून, येताना त्याच पाण्याला वळसा घालून. अख्खं बंदर एका फेरीत, लाँच आणि लोकलच्या तिकिटात!

घारापुरी तुम्ही या वेळी वगळायला लावलीत, तेही योग्यच झालं. जाऊन-येऊन बोटीचेच अडीचशेच्या पुढे जातात. पण ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती तुम्ही भायखळ्याला दाखवलात. १८६४ च्या सुमारास तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते सांधून आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. सांधे हात लावून कळतात असं एका मुलीने लिहिलंय, म्हणजे तिने हात लावला असावा. संग्रहालय १८७२ चं, तिकीट थोडकंच, बुधवारी बंद असतं. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. जाणाऱ्यांनी वार बघून जावं.

गेटवेला आपण शेवटी संध्याकाळी गेलो. इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज १९११ ला आला तेव्हा ही कमान नव्हतीच, ती १९२४ ला पुरी झाली, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण तिच्यातूनच बाहेर पडली. तोवर मुलं इतकी दमली होती, की तिथे नुसती बसून राहिली. तुम्हीही बसलात. त्या वयात आमच्याबरोबर इतकं चाललात, एका पैशाला हात लावला नाहीत, वर गाडीत बसताना मुलांच्या हातात चिक्की ठेवलीत. हे ऋण फिटणारं नाही आणि मला ते फेडायचंही नाही.

जानेवारीत गड्ड्याला या. सिद्धरामेश्वराची यात्रा बघितल्याला तुम्हाला किती वर्षं झाली, असं शेजारच्या काकू विचारत होत्या. मुलांनी भुईकोट किल्ला, तळं आणि जुन्या मिलचा परिसर तुम्हाला चालत दाखवायचं ठरवलंय, वाटाही आखून ठेवल्यात. शेंगाचटणी आणि कडक भाकरी शेजारच्या काकूंच्या हाती पाठवतेय. आणि एक मागणं आहे. पुढच्या तुकडीला मार्चच्या परीक्षेनंतर आणायचा विचार आहे. त्या महिन्यातल्या भरतीच्या वेळा आणि मोरा लाँचचं वेळापत्रक तेवढं कळवा.

आपली कृतज्ञ,
अभ्यासिकेच्या बाई
पूर्व भाग, सोलापूर