घाटातला खेकडा आणि नाशिकची घोड्यांची ट्राम

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारी सकाळी नाशिक रोडच्या पादचारी पुलावर मोबाइल घेऊन गाड्यांचे व्हिडिओ काढत उभी राहणारी मुलं म्हणजे ‘रिकामटेकडी पोरं’, असं एका वाचक भगिनींचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचलं. त्या मुलांत माझा नातू असतो. बऱ्याचदा त्याच्या शेजारी मीही असतो, म्हणून हे लिहितो आहे.

भगिनींचा एक मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. रुळांच्या कडेला जाऊन किंवा दारात लोंबकळून रील काढणाऱ्याला तिथल्या तिथे पकडलं पाहिजे. मी तेहतीस वर्षं रेल्वेत काढली आहेत, रुळावर क्षणात काय होतं ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण कठड्यामागे उभं राहून येणाऱ्या इंजिनाचा नंबर वहीत टिपणारा मुलगा निराळा. दोघांना एकाच मापानं मोजू नका, एवढीच विनंती.

माझं लहानपण इगतपुरीच्या रेल्वे चाळीत गेलं. वडील घाटात इंजिनावर होते. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. पुढच्या इंजिनाला जड गाडी एकट्यानं ओढवत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावतात. आजही लावतात. पंचवटी एक्स्प्रेसनं रोज जा-ये करणाऱ्यांना मागून बसणारा तो हलका धक्का ठाऊक आहे. माझ्या लहानपणी घाटात ‘खेकडा’ चालायचा. कागदावर त्याचं नाव डब्ल्यूसीजी-१. १९२८ पासून आलेली, २,६०० अश्वशक्तीची ही विजेची इंजिनं. पहिली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली, बाकीची इंग्लंडमधून. पुढे आलेलं नाकाड, चाकांना एकत्र बांधणारे जाडजूड लोखंडी दांडे, आणि वळणावर सांध्यात वाकणारं अंग. चालताना ते दांडे फिरायचे तेव्हा खरोखर खेकडा निघाल्यासारखं वाटायचं. आणि उभं असलं की ते कण्हायचं. आजारी माणूस रात्री कण्हतो तसं. यार्डातला तो आवाज थांबला की आई उठून चूल पेटवायची, वडील आता तासाभरात घरी येणार म्हणून.

दोन वर्षांपूर्वी नातवानं मला त्याच्या मोबाइलवर स्वित्झर्लंडच्या गोथार्ड घाटातल्या जुन्या इंजिनाचा व्हिडिओ दाखवला. “आजोबा, याला क्रोकोडाइल म्हणतात, म्हणजे मगर,” तो म्हणाला. माझा चष्मा आतल्या खोलीत होता, चित्र नीट दिसत नव्हतं. पण दांड्यांचा आवाज कानावर पडला आणि मी ताडकन म्हणालो, “अरे, हा तर आपला खेकडा!” पोराला वाटलं, आजोबांना काहीतरी झालं. मग दोघांनी बसून शोधलं. ती मगरही त्याच विंटरथूरच्या कारखान्यातली, आमच्या खेकड्याहून काही वर्षांनी मोठी. स्विस लोकांनी त्यांतली काही चालत्या स्थितीत जपली आहेत, आणि अधूनमधून ती रुळांवर निघाली की माणसं कॅमेरे घेऊन डोंगरात जाऊन बसतात. आमच्या खेकड्यांपैकी ‘सर लेस्ली विल्सन’ नावाचा एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभा आहे. बहुतेक भाऊबंद मात्र भंगारात गेले. ज्या घाटासाठी ती इंजिनं आणली, त्या घाटाच्या माथ्यावरच्या मुलांना आज खेकडा म्हटलं की फक्त रस्सा आठवतो.

जगभर जुन्या गाड्या वाचल्या त्यात सरकारांचा वाटा आहेच, पण कितीतरी ठिकाणी सुरुवात केली ती अशाच रेल्वेवेड्या माणसांनी. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची अरुंद रुळांची एक छोटी रेल्वे आहे, १८६५ पासूनची, पाटीचा दगड वाहून नेणारी. ती बंद पडायच्या बेतात असताना १९५१ मध्ये काही हौशी लोकांनी चालवायला घेतली. पगार नाही. सुटीच्या दिवशी यायचं, रूळ ठोकायचे, बॉयलर घासायचा. स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातली ती पहिली रेल्वे, आणि ती अजून धावते आहे. इंग्लंडमध्ये ए-१ जातीची ४९ वाफेची इंजिनं होती, त्यांतलं एकही उरलं नाही. म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं थोडी थोडी वर्गणी भरली आणि २००८ मध्ये पन्नासावं इंजिन नव्यानं बांधून काढलं, ‘टॉर्नेडो’. मी मोटर दुरुस्तीच्या कामातला माणूस. सुटे भाग मिळत नसलेलं जुनं यंत्र नुसतं चालू ठेवायला काय यातायात पडते ते मला माहीत आहे. इथे तर चाकापासून बॉयलरपर्यंत सगळं नव्यानं करायचं होतं. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही.

नातवाचं दैवत मात्र ‘मॅलर्ड’. ३ जुलै १९३८ रोजी ताशी १२६ मैल धावलेलं, वाफेच्या इंजिनांतलं सर्वांत वेगवान. त्या पराक्रमाला ७५ वर्षं झाली तेव्हा त्याची अमेरिकेत आणि कॅनडात असलेली दोन भावंडं जहाजानं समुद्रापलीकडून यॉर्कला आणली आणि त्या जातीची उरलेली सहाही इंजिनं एका जागी उभी केली. अमेरिकेतलं ‘बिग बॉय’ तर जवळजवळ साठ वर्षं थंड पडून होतं, ते २०१९ मध्ये पुन्हा वाफेवर निघालं. आपल्याकडे प्रेम नाही असं मुळीच नाही. १ जूनला पुणे स्थानकावर ‘डेक्कन क्वीन’चा वाढदिवस केक कापून होतो, १९३० पासूनच्या त्या गाडीला हार घातले जातात. प्रेम आहे, नाशकात फक्त त्याला बसायला जागा नाही.

आणि नाशकाकडे दाखवायला काही नाही, असं कुणी म्हणू नये. १८८९ च्या सुमारास या शहरात ट्राम सुरू झाली. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिक रोड स्थानकापर्यंत, आठ-दहा किलोमीटर. दोन डबे, ओढायला चार घोडे. माझी आजी लहानपणी रामकुंडावर स्नानाला आली ती या ट्राममधून. घोड्यांच्या घामाचा वास आणि डब्याच्या लाकडी बाकाची कड मांडीला रुतायची, एवढंच तिला आठवायचं, पण ते ती मरेपर्यंत सांगत होती. दुष्काळ, प्लेग आणि तोटा यांनी जेरीला येऊन १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद झाली. या ट्रामचे सल्लागार होते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे उभारणारे तेच इंजिनिअर. त्यांनीच पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये लीक आणि मॅनिफोल्ड नावाची रेल्वे बांधली, तीही रुळांत अडीच फूट अंतर असलेली, आणि तीही तोट्यानं १९३४ मध्ये बंद पडली. पण तिथल्या लोकांनी रूळ उखडलेली ती वाट जपली. आज त्याच वाटेवरून माणसं चालतात, सायकली हाकतात. आमच्या ट्रामच्या वाटेवरून आम्ही रोज रिक्षानं जातो आणि शेजारी बसलेल्याला त्याची गंधवार्ता नसते.

येत्या सिंहस्थासाठी शहरात जागोजागी खोदकाम निघालं आहे, रस्ते नवे होत आहेत. अशा वेळी मेनरोडला आणि स्थानकाबाहेर, ट्रामच्या दोन्ही टोकांना, मराठीत लिहिलेला एकेक चांगला दगडी फलक बसवायला फार पैसा लागणार नाही. भाविकांनाही कळेल की त्यांचे आजे-पणजे रामकुंडाकडे कसे गेले. दुसरं, थळ घाटाच्या, म्हणजे याच कसारा-इगतपुरी घाटाच्या, रेल्वेला वाहिलेलं एक दालन नाशकात हवं. एकलहऱ्याचा कर्षण मशीन कारखाना इथे आहे, रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था इथे आहे. एवढं जवळ असून शाळेच्या मुलांना ट्रॅक्शन मोटर, म्हणजे इंजिनाची चाकं फिरवणारी मोटर, पोटातून कशी दिसते ते दाखवायला वर्षातून एक दिवस निघू नये का? वॉर्निशमध्ये बुडवलेलं आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, भट्टीतून भाजून बाहेर येतं तेव्हाचा वास ज्या मुलानं एकदा घेतला, तो विजेचा धडा जन्मात विसरणार नाही.

घाई करायला हवी, कारण घाटात काम केलेली माणसं एकेक करून जात आहेत. खेकड्यावर ड्युटी केलेले इगतपुरीचे दोघं गेल्या पावसाळ्यात गेले. त्यांच्याकडून ऐकून कुणी काही लिहून घेतलं नाही, मीसुद्धा नाही. एका कचेरीतून घाटाचे जुने नकाशे रद्दीत गेल्याचं मला उशिरा कळलं. दुकानात पोचलो तोवर गोणी पुढे रवाना झाली होती.

माझ्याकडे वडिलांचा हातदिवा आहे, लाल-हिरव्या काचेचा, काच अजून शाबूत आहे. आणि इगतपुरी ते नाशिक रोडचं जाड पुठ्ठ्याचं एक तिकीट आहे, तारखेचा ठसा उठलेला, एका कोपऱ्याला पंच केलेलं. दालन झालं तर दोन्ही वस्तू विनामोबदला द्यायला मी तयार आहे. तोवर दर रविवारी सकाळी मी पुलावर असतो. त्या भगिनींनी एकदा जरूर यावं. नातू त्यांना बँकरच्या भोंग्यांची खूण समजावून सांगेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रेल्वे कामगार
जेल रोड, नाशिक रोड