रंधा माझ्याच हातात ठेवणाऱ्या मामांना

सुतारमामा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्ही नातवाकडून मोबाइलवर वाचून घ्याल आणि "ताईला काय उद्योग न्हाई" म्हणाल, हे माहीत असून लिहितेय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही करवतीला कानस लावायला बसता आणि ऐकूच आलं नाही असं दाखवता. म्हणून म्हटलं, चारचौघांत लिहावं. नाव लिहीत नाही. सांगलीत, निदान आपल्या गावभागात, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मला मुलाच्या अभ्यासासाठी मेज करायचं होतं. विकत का आणत नाहीस, असं घरात प्रत्येकानं विचारलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचा खालचा मजला पाण्यात होता. भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं कपाट पाणी पिऊन फुगलं ते फुगलंच, त्यातले स्क्रू नुसत्या बोटांनी निघत होते. प्लायचे पदर सुटले. आजेसासूबाईंची सागवानी पेटी मात्र गाळ धुऊन सावलीत वाळवली आणि परत जागेवर ठेवली. झाकण काही दिवस घट्ट बसत होतं, एवढंच. तेव्हापासून दुकानातलं चकचकीत काही घ्यायला मन होईना, आणि सागवानी करून घ्यायचं म्हटलं तर खिसा होईना. राहिलं काय, तर आपणच करणं.

एक-दोन ठिकाणी विचारून पाहिलं होतं. "माप सांगा ताई, आम्ही देतो की करून," असं हसत सांगितलं गेलं. तुम्ही हसला नाहीत. "हत्यार हाय का घरात?" एवढंच विचारलंत. नाही म्हटल्यावर एक पटाशी, म्हणजे लाकडाची छिन्नी, काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "हिला धार लावा आदी. मेज मग बगू."

त्या धारेबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मला वाटलं होतं, धार म्हणजे फक्त टोकाचा उतार दगडावर घासायचा. तुम्ही पटाशी उलटी केलीत आणि तिची पाठ दगडावर सपाट ठेवून घासायला लावलीत, टोकाजवळची पट्टी आरशासारखी होईपर्यंत. मग उतार, तेलाचा थेंब टाकून, २५ ते ३० अंशांत. अंश हा माझा शब्द, तुम्ही नुसतं मनगट धरून "हितं ठेवा, हलवू नगा" म्हणालात. पाठीमागच्या बाजूनं बोट आडवं फिरवलं की एक बारीकशी कड बोटाला अडकते. ती आली म्हणजे उतार टोकापर्यंत पोचला. मग पाठ पुन्हा एकदा दगडावर, ती कड जाईपर्यंत. पाइनच्या तुकड्याच्या तोंडावर, म्हणजे जिथं लाकडाच्या रेषा आडव्या छेदल्या जातात तिथं, पटाशी चालवून बघायची. लाकूड चुरडलं तर धार नाही. गुळगुळीत पापुद्रा निघाला तर आहे. बोथट हत्यारानं माणूस जोर लावतो आणि जोर लावला की हात सटकतो, म्हणून धारदार पटाशीनंच हाताला कमी इजा होते, हे तुमचं म्हणणं मला आता पटलंय. दुसरा हात पात्याच्या पुढं कधीच न्यायचा नाही, यावर तर तुम्ही एकदा चक्क ओरडला होतात. बरं केलंत.

सराव सागवानावर करू दिला नाहीत. कुपवाडच्या एमआयडीसीतून यंत्रांच्या पॅकिंगचं पाइन येतं, ते घ्यायला लावलंत. इथं एक गोष्ट मात्र मी तुम्हाला सांगितली, तेवढं श्रेय मला द्या. त्या फळ्यांवर शिक्का असतो. 'एचटी' असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून कीड मारलेली असते, ते खुशाल वापरावं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला असतो, ते घरात आणू नये. औषधाच्या दुकानात बसते मी, शिक्के वाचायची खोड आहे. तेव्हापासून तुम्हीही फळी उलटून बघता.

त्या पाइनचं चप्पल-रॅक झालं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, चपला राहतात त्यात.

मेजाला मात्र तुम्ही जुनी सागवानी तुळई शोधून दिलीत, पाडलेल्या वाड्यातली. जुनं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, त्यामुळं ते पुन्हा फारसं पिळवटत नाही. पण त्याच्या पोटात खिळे असतात आणि एक खिळा रंध्याच्या पात्याला पुरतो. चुंबक फिरवून एकेक खिळा काढायचं काम तुम्ही माझ्या मुलाला दिलंत. त्या दिवसानंतर तो मेजाला 'माझं' म्हणायला लागला. फळ्या कापून आल्यावर कडेच्या फिकट पट्ट्या तुम्ही बाजूला काढायला लावल्यात. मला वाईट वाटलं, एवढं लाकूड वाया! "वाळवी आदी हितनंच खाती," म्हणालात. सागवानाची ताकद आतल्या तपकिरी गाभ्यात, बाहेरच्या पांढऱ्या भागात नाही.

माप सुतात घ्यायला शिकवलंत. इंचाचे ८ सूत. आधी मला टेपवरचे मिलिमीटरच बरे वाटत होते, पण तुमच्या शेजारी उभं राहून काम करायचं तर तुमच्याच मापात बोलायला हवं. चौकट काटकोनात आहे का हे गुण्यानं, म्हणजे सुताराच्या काटकोनी पट्टीनं, बघून झाल्यावरही तुम्ही सुतळी घेऊन दोन्ही कर्ण मोजायला लावलेत. कर्ण सारखे तर चौकट सरळ. शाळेत भूमितीच्या तासाला हे कुणी चौकट हातात देऊन सांगितलं असतं तर!

कुसू, म्हणजे एका लाकडाचं पुढं काढलेलं टोक, आणि ते बसायचं दुसऱ्या लाकडातलं भोक, यांचा क्रम मी उलटा धरला होता मनात. तुम्ही म्हणालात, भोक आधी. पटाशीच्या रुंदीइतकं भोक पडतं, ते नंतर लहान करता येत नाही. कुसू मात्र पापुद्र्या-पापुद्र्यानं तासून बसवता येतं. हातानं दाबल्यावर निम्मं आत जावं, उरलेलं मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, दोन ठोक्यांत. फेविकॉल लावून आवळायला माझ्याकडं क्लॅम्प नव्हते. तुम्ही दोरीचे दोन वेढे घातलेत, मध्ये काठी घालून पीळ दिलात आणि काठी चौकटीला अडकवून रात्रभर तशीच ठेवलीत. हजारो रुपये वाचले माझे.

वरची फळी बसवताना मी सरळ स्क्रू मारायला निघाले होते, तेव्हा तुम्ही हात धरलात. आपल्याकडं मे महिन्यात लाकूड कोरडं ठाक होतं आणि श्रावणात ओल पितं. लांबीत ते फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. वीसेक इंच रुंद फळी सूतभर तरी मागंपुढं होते. तिला चारी बाजूंनी जखडलं की ती चिरते. म्हणून खालच्या पट्टीत लांबट भोकं, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा. पावसाळ्यात दारं का अडतात आणि उन्हाळ्यात का मोकळी होतात, हे इतकी वर्षं बघत होते. ते आपल्या मेजालाही लागू आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

मधेच एका रविवारी तुम्ही मला मिरजेला सतारमेकर गल्लीत नेलंत, ते मेजासाठी नव्हतंच. "जरा हात बगा त्यांचं," एवढ्यासाठी. 'तून' नावाच्या लाकडावर पटाशी इतकी हलकी चालत होती की आवाजही येत नव्हता. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ही बातमी मी वाचली होती. ते हात पाहिले नव्हते.

चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश पावसात करू दिलं नाहीत, दमट हवेत ते पांढरट होतं म्हणून. शेवटी जवसाचं उकळलेलं तेल दिलं. तेलाची फडकी चुरगळून टाकायची नाहीत, आपोआप पेट घेतात. दोरीवर एकेरी पसरून वाळवायची. हे वाचणाऱ्या कुणी नवशिक्यानं दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवावं.

मामा, या सगळ्यात तुम्ही माझ्या हातातून रंधा एकदाही काढून घेतला नाहीत. तुमची दहा मिनिटांची कामं मी संध्याकाळभर करत बसायचे, तुमच्या दुकानातली जागा अडवून, आणि गिऱ्हाईक समोर थांबलेलं असायचं. उलट्या रेषेनं रंधा गेला की लाकूड उचकटल्याचा आवाज तुम्हाला पाठमोरं असतानाही कळायचा. "फिरवा फळी," एवढंच यायचं तिकडून. मला घाई करणारी माणसं घरात, दुकानात पुष्कळ आहेत. तुम्ही केली नाहीत, त्याचे हे आभार.

पैशांचा विषय काढला की तुम्ही उडवून लावता. यावेळी लावू नका. दिवाळीनंतर दिवाण करायचा विचार आहे, त्याचं लाकूड तुमच्याच ओळखीनं घेणार, आणि जागेचं भाडं दिल्याशिवाय मी दुकानाची पायरी चढणार नाही. त्याआधी एकदा चहाला घरी या, मेज बघायला. गुण्या मात्र घेऊन यायचा नाही.

तुमची,
औषधाच्या दुकानातली ताई