सहा किलो हवेला कुणी घाबरत का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाचकांच्या पत्रांत हद्दवाढ येते, पंचगंगेचं पाणी येतं, रस्त्यांवरचे खड्डे येतात. ते यायलाच हवं. पण ज्या कामावर या जिल्ह्यातल्या हजारो घरांची चूल पेटते, त्या लोखंड ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवायच्या कामाच्या शेडमध्ये रोज काय चालतं यावर क्वचितच कुणी लिहितं. मी उद्यमनगरात हवेवर चालणारी टूल्स दुरुस्त करतो. ग्राइंडर, चिपिंग हॅमर, डाय ग्राइंडर, नट खोलायच्या गन. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत, सगळीकडून काम येतं. हायवेच्या कडेचे टायरवालेही येतात. टूल खोललं की ते कसं वापरलं गेलंय ते दिसतंच, कुणी सांगावं लागत नाही. जे दिसतं त्यानं मन घाबरं होतं, म्हणून हे पत्र.

विजेला आपला कामगार भितो. उघडी वायर दिसली तर स्वतः लांब राहतो आणि दुसऱ्यालाही ओरडून सांगतो. हवेला मात्र कुणी भीत नाही. "हवाच हाय की, काय हुतंय?" कॉम्प्रेसरच्या टाकीत सात-आठ किलो प्रेशर असतं. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सात-आठ किलोचा दाब. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो असतं, आणि तो टायर फुटला तर काय होतं ते आपण हायवेवर बघतोच.

पहिली गोष्ट गार्डची, म्हणजे ग्राइंडरच्या व्हीलवरच्या (घासायच्या चाकावरच्या) लोखंडी आवरणाची. दुरुस्तीला येणाऱ्या ग्राइंडरांवर गार्ड बहुतेक वेळा नसतोच. विचारलं की उत्तर ठरलेलं, "कास्टिंगच्या कोपऱ्यात व्हील जात न्हाई, गार्ड अडतो." गार्डचा क्लॅम्प ढिला करून तो फिरवून घेता येतो, हे अनेकांना कुणी दाखवलेलंच नाही. आणि खरंच अडचणीचा कोपरा असेल तर तिथे डाय ग्राइंडरला छोटा माउंटेड पॉइंट, म्हणजे दांडीवरचा घासायचा दगड, लावून काम होतं. पण गार्ड एकदा निघाला की दुसरा मोह सुटतो, मोठं व्हील बसवायचा. पाच इंची ग्राइंडरवर सात इंची व्हील! गार्ड असता तर ते बसलंच नसतं.

इथे थोडं गणित सांगतो, कारण आकडे व्हीलवरच छापलेले असतात आणि कुणी वाचत नाही. सात इंची, म्हणजे १८० मिलिमीटरच्या जाळीच्या व्हीलवर कडेच्या वेगाची मर्यादा ८० मीटर प्रति सेकंद आणि साधारण ८,५०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेरे, लिहिलेलं असतं. पाच इंची ग्राइंडर फिरतो १२,००० च्या आसपास. ते मोठं व्हील त्याच्यावर चढवलं की कडेचा वेग ११३ मीटरवर जातो. वेग दीडपटीच्याही आत वाढला असं वाटतं, पण व्हीलला फाडणारा ताण वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे तो दुप्पट झाला. डाय ग्राइंडर तर वीस-पंचवीस हजारांवर पळतो आणि त्यालाही लोक कटिंग व्हील लावतात. फुटलेल्या व्हीलचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा येतो आणि समोर असतं ते माणसाचं तोंड किंवा पोट. सेफ्टी चष्मा लावलेला असला तर निदान डोळा वाचू शकतो, म्हणून चष्म्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता आपल्या कोल्हापूरच्या पावसाचा भाग, जो बाहेरच्या माहितीपत्रकांत सापडणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते. तीच हवा कॉम्प्रेसर ओढतो, दाबतो, ती थंड झाली की टाकीत पाणी साठतं. लहान मशिनलासुद्धा रोज लिटर-दोन लिटर, मोठ्याला त्याहून बरंच. टाकीच्या बुडाचा कॉक रोज संध्याकाळी उघडला नाही तर ते पाणी लाईनमधून थेट ग्राइंडरमध्ये जातं. ग्राइंडरच्या मोटरच्या टोकाला गव्हर्नर असतो. छोटी वजनं आणि स्प्रिंग. स्पीड वाढला की वजनं बाहेर सरकतात आणि हवेची वाट आवळतात. स्पीड हाताबाहेर जाऊ न देणं हे त्याचं एकमेव काम. पाणी गेलं, लुब्रिकेटरमध्ये तेल नाही, की ही वजनं गंजून जागच्या जागी अडकतात. गेल्या पावसाळ्यात एक ग्राइंडर खोलला तर आत तांबडा चिखल होता आणि वजनं स्क्रूड्रायव्हरनं उचकटूनच सुटली. वरून तो ग्राइंडर अगदी झ्याक चालत होता. नेहमीपेक्षा जास्त पळत होता, आणि मालकाला तो "जोरात चालतोय" म्हणून आवडत होता. दुरुस्तीला का आणला, तर हँडलजवळ हवा गळत होती म्हणून.

काही जण तर स्पीड मिळावा म्हणून मुद्दाम गव्हर्नर काढून टाकायला सांगतात. असं काम मी करत नाही. या धंद्यातल्या बाकीच्या कारागिरांनाही हात जोडून विनंती, पैसे कितीही मिळोत, करू नका. टूल साधारण सव्वासहा किलोला, म्हणजे ९० पीएसआयला बनवलेलं असतं. तेवढीच हवा त्याला द्यायची असते. त्यासाठी प्रत्येक पॉइंटवर पाणी गाळणारा फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर, तेल देणारा लुब्रिकेटर असा संच लागतो. तो लावलेला असतो, पण फिल्टरची वाटी फुटली की पुन्हा आणायला कुणी जात नाही. मधला भाग काढून पाइप सरळ जोडून टाकतात.

पाइपांबद्दल थोडक्यात. जोडाला क्लिपऐवजी तार आवळलेली असेल तर तो जोड कधीतरी सुटणारच. सुटलेला पाइप साप अंगात आल्यासारखा आपटत सुटतो आणि त्याच्या टोकाला लोखंडी कपलर असतो. दोन्ही टोकांना जोडणारी स्टीलची दोरी मिळते, ती लावावी. टूल बदलताना आधी कॉक बंद करायचा, मग ट्रिगर दाबून पाइपात उरलेली हवा सोडायची, मगच कपलर काढायचा. ट्रिगरला तार बांधून ठेवायची नाही. हातातून टूल सुटलं तर ते थांबावं म्हणूनच ट्रिगर तसा केलेला असतो. चिपिंग हॅमरची छिन्नी कामावर टेकवल्याशिवाय हवा सोडायची नाही, आणि छिन्नी अडकवून धरणाऱ्या रिटेनरशिवाय तर मुळीच नाही. टायरवाल्यांनी गनला चकचकीत क्रोमचा पाना लावू नये. गनसाठीचे सॉकेट काळे येतात, तेच वापरावेत. क्रोमचा तडकतो.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते शिफ्ट सुटतानाच्या प्रकाराबद्दल. फेटलिंग शेडच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करतात त्या शेडच्या, दाराशी रोज दिसतं. अंगावर वाळू आणि काळी धूळ. एक जण हवा मारायची एअर गन घेतो, दुसरा डोळे मिटून, हात वर करून उभा राहतो. छाती, पाठ, बाह्या, कॉलरच्या आत, केस. मग गन दुसऱ्याच्या हातात. पाच मिनिटांत सगळे स्वच्छ. घरी बायको धूळ बघून बोलायला नको, हा त्यामागचा विचार. पण त्या गनच्या तोंडाशी पूर्ण लाईनचं प्रेशर आहे. अमेरिकेतल्या नियमात साफसफाईच्या हवेला ३० पीएसआयची, म्हणजे दोन किलोची मर्यादा आहे, तीही यंत्र साफ करायला, कण उडू नयेत म्हणून आडोसा लावून आणि चष्मा घालून. अंगासाठी नव्हेच. आपण सहा-सात किलोची हवा गळ्याशी धरतो.

हातावर साधा कापल्याचा ओरखडा असला तरी त्यातून हवा कातडीखाली शिरू शकते. तो भाग फुगतो, बोटानं दाबलं की आत कुरकुर लागते. असं कधी झालं तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. हवा रक्तवाहिनीत गेली तर जिवावर बेतू शकतं. कानाशी मारली तर पडदा जातो. उडालेला लोखंडाचा कण डोळ्यात रुततो. आणि कपड्यांतून उडालेली वाळूची बारीक धूळ हवेत तरंगत राहते, ती सगळ्यांच्या छातीत जाते. या वाळूच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

आणि मस्करी. हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहायलाच हवं. खेळात, मजेत, मित्राच्या पार्श्वभागाशी पाइप धरण्याचे प्रकार घडतात. कपड्यांवरूनसुद्धा हवा आत शिरते आणि आतडं क्षणात फाटतं. अशा मस्करीत तरुण मुलं दगावल्याच्या बातम्या देशात ठिकठिकाणाहून येऊन गेल्यात. करणाऱ्याला वाटतं गुदगुल्या होतील. नवीन पोरगं कामावर आलं की मुकादमानं पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, बाकी काही सांगायच्या आधी हे सांगावं. स्पष्ट शब्दांत, लाजत न बसता.

कपडे साफ करायला ब्रश पुरतो, व्हॅक्यूम असेल तर उत्तमच. कामाचे कपडे शेडमध्येच बदलायची सोय करून दिली तर हा प्रश्नच उरत नाही.

बोटांचंही सांगायला हवं. वर्षानुवर्षं चिपिंग हॅमर चालवणाऱ्याची बोटं थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात. करवीर-पन्हाळ्याकडून पहाटे मोटारसायकलवरून येणाऱ्यांना डिसेंबरात हे जास्त जाणवतं आणि ते थंडीवर ढकलतात. खरं कारण टूलचा थरथराट. बोथट छिन्नी, झिजलेला बुश, एका बाजूला खाल्लेलं व्हील यांनी तो वाढतो. त्यात टूलमधून बाहेर पडणारी हवा गार असते आणि ती सरळ बोटांवर येते. बोटं पांढरी पडायला लागली की लपवू नका, कामात बदल करून घ्या. एकदा वाढलं की शर्टाचं बटण लावणं अवघड होतं.

हे सगळं कामगाराच्या माथी मारणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. फेटलिंग ठेक्यावर चालतं, नगावर पैसे. गार्ड फिरवायला लागणारी दोन मिनिटं त्याच्या मजुरीतून जातात. डोळ्यांच्या संरक्षणाचं कलम १९४८ च्या कारखाने कायद्यातच आलं, ३५ वं. पण कायदा माणसं मोजून लागू होतो आणि चार-पाच जणांची शेड त्यात बसत नाही. मोठ्या फाउंड्रीत ऑडिटला बाहेरचं गिऱ्हाईक येतं म्हणून तिथे चष्मे आणि इअर प्लग दिसतात. तीच फाउंड्री जादा माल ज्या छोट्या शेडला देते, तिथे मात्र फक्त कास्टिंगची फिनिश बघितली जाते. माल तपासायला गेलेल्या माणसानं तिथल्या ग्राइंडरचा गार्ड आणि पाइपाचा जोडही बघावा, आणि नसेल तर काम देऊ नये. हे एवढं झालं तर महिन्याभरात फरक पडेल, असं मला खात्रीनं वाटतं. आयटीआयमध्ये पोरांना टूल हातात देण्याआधी कॉक बंद करून लाईन रिकामी करायला शिकवावं.

माझ्याकडून एक गोष्ट करू शकतो. माझ्या बाकावर टॅकोमीटर आहे. ज्या कुणाकडे हवेचा ग्राइंडर आहे, लहान शेडवाला असो की ठेकेदार, त्यानं तो व्हील काढून घेऊन यावा. सव्वासहा किलोला चालवून स्पिंडलचा स्पीड मोजून देईन आणि टूलवर रंगानं लिहून देईन, म्हणजे व्हील घेताना दुकानात आकडा जुळवता येईल. या कामाचे पैसे घेणार नाही. पावसाळा सुरू व्हायच्या आत आलात तर जास्त बरं.

आपला,
एअर टूल दुरुस्ती कारागीर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर