पवनचक्कीला एप्रिल-मेच लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामारीने हरित ऊर्जेला कसं बळ दिलं, हा कालच्या अंकातला लेख वाचला. ‘ऊन-वाऱ्याला लॉकडाऊन नसतो’ हे वाक्य तर चौकटीत छापलंय. छान आहे. पण वाऱ्याची वीज करणाऱ्या यंत्राला पाना लागतो, ग्रीस लागतं आणि ते घेऊन वर चढणारी माणसं लागतात.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावर, जिथे पवनचक्क्या आहेत, खरा वारा जून ते सप्टेंबर. म्हणून देखभाल एप्रिल-मेमध्येच उरकायची असते, आणि 2020 मध्ये नेमके तेच दोन महिने हातचे गेले. वीज अत्यावश्यक सेवेत होती, कबूल. पण तंत्रज्ञाला पास मिळाला म्हणून तेल, ब्रेकपॅड आणि क्रेन आपोआप घाट चढून येत नाहीत. पात्यांच्या मुळाशी आणि टॉवरच्या जोडांवर असलेले बोल्ट हायड्रॉलिक टॉर्क पान्याने तपासतात, साधारण दहातला एक. एखादा जरी सैल निघाला तरी त्या फ्लँजचे, म्हणजे त्या जोडाच्या कड्याचे, सगळेच बोल्ट तपासायला घ्यावे लागतात. पातं ज्यावर वळतं त्या पिच बेअरिंगला ग्रीस, गीअरबॉक्सच्या तेलाचा नमुना, फिल्टर. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत-बाहेर घेतो त्या ब्रीदरमधली, ओल शोषणारी निळी सिलिका जेल गुलाबी पडली असेल तर बदलायची, नाहीतर पठारावरच्या धुक्याची ओल थेट तेलात उतरते. वीज जमिनीत उतरवणाऱ्या अर्थिंगचा रोध दहा ओहमच्या आत हवा. जांभ्याच्या कातळात तो सहजासहजी मिळत नाही, आणि वळवाच्या विजा काही जूनची वाट बघत नाहीत.

ही कामं पुढे ढकलता येत नाहीत. वारा सेकंदाला दहा-बारा मीटरच्या वर गेला की हबमध्ये, म्हणजे पाती जोडलेल्या तुंब्यात, माणूस पाठवत नाहीत. जुलैत गीअरबॉक्स बसला तर क्रेन चिखलात रुतते आणि चक्की पाऊस ओसरेपर्यंत उभी. कमाईचा हंगामच गेला की! लेखक पाच महिन्यांच्या मुदतवाढीचं कौतुक करतात. 25 मार्च ते 24 ऑगस्ट 2020 ची ती मुदतवाढ उभारणी चालू असलेल्या प्रकल्पांसाठी होती. फिरत्या चक्कीला तिचा काय उपयोग?

हरित विजेचा टक्का वाढला म्हणे. एप्रिल 2020 मध्ये देशाची विजेची मागणी सुमारे 23 टक्क्यांनी घटली. सौर-पवन वीज आधी घ्यायची हा नियम, त्यामुळे कोळशाचे संच खाली आणले. छेद लहान झाला की टक्का फुगणारच. 2021 मध्ये मागणी परतली, तिच्यामागून कोळसाही. आणि 5 एप्रिल 2020 च्या रात्री नऊ मिनिटं दिवे मालवायच्या आवाहनावेळी सुमारे 31 हजार मेगावॅट मागणी पडली, ती सावरली मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी. कोयनेच्या जिल्ह्यात वाटल्या जाणाऱ्या अंकात पाण्याचं नावही नसावं?

छपरावरच्या सौरवाल्यांचं दुखणं तर लेखात कुठेच नाही. मार्चअखेर रीडिंग थांबलं आणि सरासरी बिलं निघाली. नेट मीटरवर आयात (घेतलेली वीज) आणि निर्यात (जाळ्यात दिलेली वीज) असे दोन आकडे घ्यावे लागतात. सरासरी काढताना निर्यात धरलीच नाही की ग्राहकाची वीज फुकटात जाते. तीन किलोवॅटचा संच भर उन्हाळ्यात महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतो. त्यात नेट मीटरचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि शिल्लक युनिट शून्यावर येतात. जूनमध्ये एकदम रीडिंग घेतल्यावर मार्चचं कुठलं आणि एप्रिलचं कुठलं, हे कोण सांगणार? बहुतेक मीटरमध्ये महिनाअखेरचे आकडे साठलेले असतात, मीटरला यंत्र जोडून त्या नोंदींचा एमआरआय अहवाल काढला की झालं. पण तो वेळेत मागावा लागतो, कारण जुन्या नोंदींवर नव्या चढत जातात. इन्व्हर्टरची नोंद इथे चालत नाही, ती एकूण निर्मिती दाखवते, निर्यात नव्हे. हे तेव्हाच कुणी छापलं असतं तर बरं झालं असतं.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो समुद्रातल्या पवनचक्क्यांचा आहे. चाळकेवाडी साताऱ्याहून तासाभरावर आहे, छायाचित्रकाराला तिथवर पाठवायला हरकत नव्हती.

कळावे,
एक वाचक, सातारा