पीडीएफचं पान ६२ आणि पुस्तकाचं पान ४५

संपादक महोदय,
नमस्कार.

ई-बुक, डिजिटल ग्रंथालय, पेपरलेस कारभार यावर पेपरात कायम काही ना काही येत असतं, पण पान नंबरांच्या गोंधळावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मी डीटीपीचं काम करतो, पुस्तकं आणि पीएचडीचे प्रबंध लावतो, त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर असतं. कुठल्याही पुस्तकाची पीडीएफ उघडा, पानाच्या खाली छापलेला नंबर बघा आणि वर पट्टीत स्क्रीन काय नंबर सांगते ते बघा, बहुतेक वेळा दोन्ही जुळणार नाहीत.

कारण साधं आहे. समजा मुखपृष्ठाचं एक पान, मग टायटल, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, अनुक्रमणिका मिळून सोळा पानं, आणि मग कुठे मजकुराचं पान १. पीडीएफ मात्र मुखपृष्ठालाच १ धरते. म्हणजे पुस्तकाचं ४५ वं पान स्क्रीनवर ६२ वं. मग झेरॉक्सवाल्याकडे पोरगा पेन ड्राइव्ह देऊन सांगतो ४५ ते ६० काढा, दुकानदार तेच आकडे टाकतो आणि हातात पडतात पुस्तकाची २८ ते ४३ ही पानं, पैसे गेले ते गेलेच आणि वर दोघांचं भांडण.

आता गंमत अशी की यावरचा उपाय पीडीएफमध्ये १९९९ पासून, ॲक्रोबॅट ४ या पीडीएफच्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून आहे. त्याला पेज लेबल म्हणतात. फाइलच्या आत एक छोटा तक्ता असतो, त्यात सांगता येतं की अमुक पानापासून नंबर असे मोजा, आकड्यात की रोमनमध्ये की ए बी सी, सुरुवात कितीपासून, आणि नंबराच्या आधी काही अक्षरं लावायची का. छापलेल्या मजकुराला हातसुद्धा लागत नाही. हे केलं की पट्टीत ४५ टाइप केल्यावर पुस्तकाचंच ४५ वं पान येतं. ॲक्रोबॅटच्या विकतच्या व्हर्जनमध्ये ते थंबनेलवर, म्हणजे बाजूच्या पानाच्या छोट्या चित्रावर, राइट क्लिक करून होतं, फुकटात करायचं तर पीडीएफटीके किंवा क्यूपीडीएफ ही सॉफ्टवेअर आहेत, फक्त कमांड टाइप करावी लागते, आणि लाटेक या मजकूर लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये हायपररेफ हे पॅकेज वापरणाऱ्यांना ते आपोआपच मिळतं. दोन-पाच मिनिटांचं काम आहे हो. मोबाइलवरची काही ॲप लेबल दाखवतच नाहीत हे खरं, पण म्हणून फाइलच अर्धवट सोडायची का.

लोक करतात काय, तर कुठल्यातरी साइटवर जाऊन फाइलवर नवे नंबर छापून घेतात. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकाला असं केलं की एकाच पानावर दोन नंबर, एक मूळचा आणि एक ठोकलेला, मग संदर्भ देणाऱ्याने कुठला द्यायचा? कोर्टात अख्ख्या फाइलला सलग नंबर लागतात, तिथे ते छापणं ठीक आहे. पण कोर्टातही सुटका नाहीच, सप्टेंबर २०२२ पासून सुप्रीम कोर्टाने घटनापीठाच्या सुनावण्या लाइव्ह दाखवायला सुरुवात केली तेव्हा आपल्याकडच्या सत्तासंघर्षाची केस घरोघरी बघितली गेली, ज्यांनी नीट ऐकलं असेल त्यांना आठवेल की वकील पान सांगताना ‘पीडीएफ पेज’ अमुक असं मुद्दाम वेगळं सांगतात.

सगळ्यात जास्त हाल प्रबंधांचे. पीएचडीच्या प्रबंधाची ई-कॉपी इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राकडे द्यावी लागते, यूजीसीचा नियमच आहे, आणि शोधगंगा या त्यांच्या प्रबंधांच्या साइटवर ते प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींमध्ये दिसतात. शोधगंगा ही फार मोठी सोय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण चौथं प्रकरण छापील प्रतीत १४३ पासून सुरू होत असेल तर त्याच्या फाइलचं पहिलं पान स्क्रीनवर १ असतं. कुणी तळटीपेत पृ. १५१ लिहिलं असेल तर आधी ते कुठल्या फाइलमध्ये आहे ते शोधा, मग त्या फाइलमध्ये खाली खाली जात बसा. या फाइलला ‘१४३ पासून मोजा’ आणि बाकीच्यांना त्यांचा त्यांचा नंबर, एवढं लेबल लावलं असतं तर झालं असतं.

मराठीचा म्हणून एक वेगळा त्रास आहे तोही सांगतो. आपल्याकडे प्रस्तावनेच्या पानांना रोमन आकडे कमी, बऱ्याच पुस्तकांत सरळ अक्षरी सात, आठ, नऊ असं छापतात, मला ते फार आवडतं. वर्डमध्ये हिंदीचं एक, दो, तीन असं फॉरमॅट आहे, मराठीचं नाही, म्हणून ‘दो’ चं ‘दोन’ हाताने करत बसावं लागतं. पीडीएफच्या लेबलात तर देवनागरी आकड्यांचा प्रकारच नाही. पळवाट आहे, नंबराच्या आधीची अक्षरं जिथे भरतात तिथे युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरीतही, काहीही लिहिता येतं, म्हणून प्रत्येक पानाला वेगळी नोंद करून तिथे ‘सात’, ‘आठ’ भरता येतं. प्रस्तावनेच्या दहा-बारा पानांना हे परवडतं. मजकुराच्या पानांना मात्र लेबलात साधे इंग्रजी आकडेच ठेवावेत असं माझं मत आहे, कागदावर हवे तर देवनागरी छापा, कारण शोधणारा कीबोर्डवर तेच टाइप करणार. कट्टर मंडळी रागावतील, रागावू देत.

सरकारी नस्तीतही, म्हणजे कार्यालयातल्या फाइलीतही, याचा उपयोग आहे. टि.वि. (टिप्पणी विभाग) आणि प.वि. (पत्रव्यवहार विभाग) असे दोन वेगळे नंबर तिथे पहिल्यापासून चालतात, ‘पृ. ३५/प.वि. पहावे’ असा शेरा असतो, आणि स्कॅन केलेल्या फाइलमध्ये ते पान शोधायला साहेबांचा वेळ जातो. लेबलात आधी प.वि. आणि पुढे नंबर एवढं सहज बसतं.

विद्यापीठं प्रबंधासाठी कागदाचा जीएसएम (वजन), समास, बांधणीचा रंग सगळं ठरवून देतात. त्याच पत्रकात एक ओळ वाढवा की सॉफ्ट कॉपीतले पान नंबर छापील प्रतीशी जुळले पाहिजेत, न जुळल्यास फाइल परत. प्रकाशकांनीही डीटीपीवाल्याकडून फायनल पीडीएफ घेताना आधी ४५ टाइप करून बघावं आणि मगच बिल द्यावं, माझंसुद्धा.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक, पुणे