खुले पत्र : आमच्या डोंगराचा अहवाल आम्हालाच का दाखवत नाही?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या मंगळवारी दुपारी माझ्या मोबाइलवर संदेश आला : 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. कृपया अभिप्राय नोंदवा.' खाली पाच तारे. तक्रार एवढीच होती की आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला डोंगरात भेग पडली आहे, तिची पाहणी होऊन दोन पावसाळे उलटले, तर त्या पाहणीचा अहवाल आम्हाला बघायला मिळावा. निराकरण झालं म्हणताय तर भेग बुजली असेल, म्हणून वर जाऊन बघून आलो. आहे तिथेच आहे. पूर्वी तिच्यात मनगटापर्यंत हात जायचा, आता कोपरापर्यंत जातो. तारे किती द्यायचे, तेवढं कळवावं.

मी एसटीचा निवृत्त वाहक. रायगड जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी आहे. पाहणीला आलेली भूवैज्ञानिक मंडळी कामसू होती, हे आधीच सांगतो. त्यांनी जीपीएसवर अक्षांश-रेखांश घेतले, टॅबमध्ये फोटो घातले, मुरमाचा थर किती जाड आहे ते पाहिलं, पावसात झरे कुठे फुटतात ते म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांच्यातल्या मॅडम आमच्या ओटीवर चहा पिता पिता म्हणाल्या, "काका, आता सगळं ऑनलाइन असतं. अहवाल तुम्हाला मोबाइलवरच दिसेल." पुढे आपणही भर सभेत तेच म्हणालात. धोक्याच्या प्रत्येक वाडीचा नकाशा, मराठीत, गट नंबरासकट, पावसाळ्याआधी संकेतस्थळावर. आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेल्या पोलीस पाटलांनी तर दोन वेळा वाजवल्या.

संकेतस्थळ झालं, हे नाकारत नाही. वर आपला फोटो आहे. खाली 'नागरिकांसाठी' असं बटण आहे. ते दाबलं की नाव आणि पासवर्ड मागतं. पासवर्ड कोणाकडे मिळेल म्हणून एका कार्यालयात गेलो, तर टेबलावरचे साहेब म्हणाले, "तो फक्त विभागासाठी आहे." मग नागरिकांसाठी काय? "बटण आहे ना." अहवाल गोपनीय आहे का, विचारलं. "गोपनीय नाही, पण देता येत नाही." तीस वर्षं मी तिकिटं फाडली. दिवसअखेर हिशेबात पाच रुपये कमी आले तर ते माझ्या खिशातून भरून घ्यायचे. इथे अख्ख्या डोंगराचा अहवाल कमी येतोय आणि कोणाच्याच खिशाला तोशीस नाही.

माझी धाकटी मुलगी पुण्यात भूशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने सुट्टीत लॅपटॉपवर जे दाखवलं, ते बघून मी आपल्यावर जास्त चिडलो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाचं एक चित्र पूर्वी सहाशे डॉलरला मिळायचं. २००८ मध्ये त्यांनी सगळा साठा फुकट केला. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांच्या अवकाशयानाने अकरा दिवस रडार फिरवून जगातल्या बहुतेक जमिनीचे चढउतार मोजले. ते आकडेही फुकट. त्यांवरून पोरीने आमच्या डोंगराचा उतार अर्ध्या तासात काढून दिला. युरोपचा सेंटिनेल-१ हा रडारवाला उपग्रह ढगांतून बघतो आणि त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो. दोन फेऱ्यांमधला फरक काढला की जमीन काही मिलिमीटर सरकली तरी कळतं. जगात कुठेही बसलेला विद्यार्थी हे करू शकतो, पैसे लागत नाहीत. फक्त आमच्याकडे झाडोरा दाट, त्यात पावसाळा, त्यामुळे त्याची लहर पानांतच अडकते आणि चित्र धूसर येतं. त्यासाठी लांब लहरीचं रडार हवं. ते आपल्या इस्रोने आणि नासाने मिळून केलेल्या निसारवर आहे. दर बारा दिवसांनी तीच जमीन बघणार आणि माहिती सगळ्यांना खुली. म्हणजे उपग्रहाने काय पाहिलं ते मला फुकट बघता येणार, पण माझ्या ओटीवर चहा पिऊन गेलेल्या माणसांनी काय पाहिलं, ते नाही.

निसार श्रीहरिकोट्याहून उडाला तो दिवस होता ३० जुलै २०२५. ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली, आणि ते बाहेरच्या जगाला आधी कळलं आमच्या एका एसटी चालकामुळे. गाडी घेऊन गेला, तर गाव जागेवर नाही. सेंटिनेल त्याच वर्षी एप्रिलमध्ये वर गेला होता. ३० जुलै २०२४ ला केरळात वायनाडला दरड कोसळली. आमच्या जिल्ह्याचं तर विचारूच नका. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. २२ जुलै २०२१ ला तळिये, ऐंशीहून जास्त माणसं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडी. ती तर धोक्याच्या यादीतच नव्हती, असं सरकारनेच सांगितलं. यादीत नव्हती हा दोष वाडीचा होता का?

बरोबर एक वर्षाने, १९ जुलै २०२४ ला, केंद्राने कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं. त्याबरोबर 'भूसंकेत' हे पोर्टल आणि 'भूस्खलन' नावाचं अ‍ॅप आलं. चांगली गोष्ट आहे, मी अ‍ॅप घेतलंय. हे केंद्र चालवणारं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासूनचं. त्यांनी देशातल्या चार लाख वीस हजार चौरस किलोमीटर दरडप्रवण भागाचे नकाशे करायला घेतले. त्यातला नव्वद हजारांच्या आसपास पश्चिम घाट आणि कोकणातला. पण नकाशा एकास पन्नास हजारचा. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. आमची वाडी दोनशे पावलांत संपते. त्या नकाशात ती साबुदाण्याएवढी. वरच्या घरांनी उठायचं की खालच्या, हे साबुदाण्यावर कसं कळणार? ते कळेल फक्त पायी झालेल्या पाहणीतून, भेग कुठून कुठे जाते, पाणी कुठे मुरतं, खालचा कातळ कुठे लागतो, यातून. आणि नेमका तोच कागद तुमच्या पासवर्डमागे.

विचारायचं तरी कोणाला? डोंगरातला दगड केंद्राच्या खाण मंत्रालयाकडे. त्यावर पडणारा पाऊस पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे. उपग्रह अंतराळ विभागाकडे. नकाशा विज्ञान व तंत्रज्ञानाकडे. झाडं वनखात्याची, भूजल यंत्रणा पाणीपुरवठ्याची, आणि हे सगळं अंगावर आलं की आम्ही मदत व पुनर्वसनचे. या पत्रात तुमचं खातं लिहिलं नाही ते म्हणूनच. कोणतंही लिहिलं असतं तरी 'हा विषय आमच्याकडे येत नाही' असंच उत्तर आलं असतं.

आता माझं सांगतो, कारण कोणी विचारत नाही. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून घर बांधलं. भेग पडल्यापासून ते विकताही येत नाही आणि त्यात धड झोपताही येत नाही. आषाढ लागला की बायको सातबारा, रेशनकार्ड, पोरीच्या मार्कशीटा ट्रंकेत भरून माहेरी पोचवते. पाऊस वाढला की आम्ही शाळेच्या खोलीत पथारी टाकतो, तिथे छप्पर गळतं. मला गुडघ्यांचा त्रास, तिला दम्याचा. रात्री वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला की ती उठून बसते आणि मग सकाळपर्यंत झोपत नाही. गेल्या वर्षी पोरगी म्हणाली, बाबा, पुण्याला चला. तिथे दहा बाय दहाच्या खोलीत चार मुली राहतात, आम्ही जायचं कुठे? अहवालात 'धोका नाही' असं असेल तर तेवढं तरी कळू दे, बायको झोपेल. 'धोका आहे' असेल तर लिहून द्या, आम्ही निघतो, जागा दाखवा. तुम्ही दोन्ही लिहीत नाही, कारण 'आहे' लिहिलं की पुनर्वसनाला पैसे लागतात.

पोरीने काढलेला उताराचा नकाशा छापून मी त्याच कार्यालयात नेला. "खासगी नकाशे ग्राह्य धरता येत नाहीत," म्हणाले. मग सरकारी द्या. "तो अपलोड व्हायचाय."

आणि हे आजचं नाही. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये दिला. केंद्राने तो दाबून ठेवला, लोकांना माहिती आयोगात जावं लागलं, केंद्र त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं, तिथे हरलं, तेव्हा २०१२ मध्ये तो बाहेर आला. त्याच २०१२ मध्ये सरकारी माहिती खुली करण्याचं राष्ट्रीय धोरणही आलं! २०१७ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाने नकाशे फुकट दिले, पण उतरवून घ्यायला आधार क्रमांक मागितला. आपल्याच गावाचा नकाशा बघायला आपली ओळख पटवायची, आणि डोंगर फोडून रस्ते काढणाऱ्या ठेकेदाराला कोणी ओळख विचारत नाही. फार्महाउसवाले साहेब डोंगराचा पायथा तासून सपाट करतात, त्यांची बिनशेती परवानगी मात्र अपलोड व्हायची राहत नाही. तुमचं डिजिटल एकाच बाजूने चालतं. आमचा अंगठा, आमचं बँक खातं, आमचं लोकेशन वर जातं. खाली येतो तो 'निराकरण झाले' हा संदेश.

माझी मागणी साधी आहे. ज्या वाड्यांची पाहणी झाली, त्यांचे अहवाल आहेत तसे, पाहणी करणाऱ्यांच्या शब्दांत, संकेतस्थळावर टाका आणि पासवर्ड काढा. पहिल्या पानावर मराठीत लिहा : कोणत्या गट नंबरला धोका, किती पाऊस झाल्यावर घर सोडायचं, जायचं कुठे. पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी नको, वाडीच्या वर बसवा आणि त्याचा आकडा तासातासाला आम्हाला दिसू द्या. वाडीतल्या दहावीच्या पोरालाही तो वाचता येतो. ग्रामसभेत येऊन अहवाल वाचून दाखवलात तर चहा आमच्याकडे. मृग नक्षत्राच्या आत हे झालं नाही तर वाडीतली सगळी माणसं गाद्या-गोधड्या घेऊन त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात राहायला येणार आहेत. छप्पर तिथलं गळत नाही, बघून आलोय.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, रायगड जिल्हा

ता. क. : अहवाल पाठवलाच, तर झेरॉक्सची झेरॉक्स वाकडी स्कॅन करून पाठवू नये. नकाशातले रंग काळे-पांढरे झाले की लाल कुठला आणि हिरवा कुठला, ते पुन्हा विचारायला यावं लागेल.